वाचनमात्र

उद्यमबागेत एका पॅटर्न कारखान्याच्या माडीवर
आमचं ऑफिस. खाली सागवानाचा भुसा आणि रंधा,
वर दोन पंखे, तीन संगणक,
आणि कळफलकाच्या फटीत कायम थोडा भुसा.

पाच दिवस झाले,
माझी दोन बोटं एकमेकांना ओळख देत नाहीत.

बोटं म्हणजे यादीवरून चालणारी.
एक थांबेल तिथलं खोडतं, नवं लिहितं.
दुसरं नुसतं वाचतं. चालतं तसंच, त्याच चालीनं,
पण हात पाठीमागे बांधून.

पहिल्याचं दुसरं सहज होतं,
लिहिणाऱ्यानं पेन खिशात टाकलं की झालं.
उलट होत नाही. होऊ द्यायचंही नाही.
एवढं मला सोमवारीच कळलं होतं.

अडलं भलतीकडेच.
वाचणाऱ्याला विचारलं,
हा लिहिणारा तुझ्याच जागी उभा आहे काय?
तो म्हणाला, होय.
लिहिणाऱ्याला विचारलं, हा वाचणारा तुझ्याच जागी आहे काय?
तर कंपायलरनं बेचाळीस ओळी ओकल्या,
आणि एकाही ओळीत माझ्या चुकीचं नाव नाही.

शिवलीला हुक्केरी खुर्ची ओढत आली. वाचलं. हसली.
"प्रश्न तू त्यांच्या घरात ठेवलीस की गं.
घर ज्याचं, तो डाव्या अंगाला बसणार.
पाहुणा कपडे बदलून येईल,
यजमान कशाला बदलतोय आपल्याच घरात?
बाहेर काढ तो प्रश्न. गल्लीत ठेव.
गल्लीत कोण यजमान?"

मला बाबा आठवले.
उताऱ्यावर त्यांचं नाव कन्नडमध्ये येतं
आणि लुमाण्णातला एक ण दरवेळी गळतो.
ते वाचतात. बोट ठेवून, ओठ हलवत,
चाळीस वर्षं बसच्या पाट्यांवर शिकलेलं वाचन.
लिहीत नाहीत. एक अक्षरही नाही.
मागच्या श्रावणात दुरुस्तीचा अर्ज शिवलीलानं लिहिला,
तहसीलच्या बाकड्यावर, मांडीवर पाटी घेऊन.
बाबांचं बोट सरकत सरकत
तिच्या पेनाच्या टोकाशी आलं
आणि दोघं एकदम म्हणाले, "हां, इथंच."

कोण लिहू शकतो, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

मग मी दोघांच्या घरांतून प्रश्न उपसून काढला.
बाहेर मांडला, उघड्यावर.
आता तो एवढंच विचारतो, कुठं आहेस?
कोण आहेस, काय करू शकतोस,
तुझ्या हातात काय दिलंय, ते विचारत नाही.
आणि जी बोटं एका यादीची नाहीतच,
रताळ्यांच्या पोत्यांवरचं एक, पगारपत्रकावरचं दुसरं,
त्यांना तो दारातच थांबवतो.
सगळ्यांना सगळं चालतं
असं म्हणणारी लायब्ररी मला लिहायची नाही.

एक राहिलं होतं. शेवट.
आमच्यात शेवट म्हणजे शेवटचं घर नव्हे,
त्याच्यापुढची मोकळी जागा.
तिथं उभं राहायचं, दार ठोठवायचं नाही,
कारण दारच नाही.
आणि या जागेवर दोघांचं एकमत हवं,
नाहीतर चालणारा थांबणार कसा?
पायाखालची यादी संपलेली,
हा आपला चालतोय, अजून चालतोय,
दुसऱ्याच कुणाच्या आठवणी तुडवत.

सहा वाजून दहा मिनिटं.
लिहिणाऱ्याला सुरुवातीला सोडलं,
वाचणाऱ्याला शेवटाला उभं केलं.
खाली रंधा बंद झाला होता.
तो निघाला, एक एक घर लिहीत,
आणि मोकळ्या जागेपाशी, त्या दुसऱ्याला बघून,
थांबला.

सकाळी येऊन बघते तर
त्या ओळींच्या डोक्यावर
शिवलीलानं टीप लिहून ठेवलेली, कन्नडमध्ये.
मी बोट ठेवून, ओठ हलवत वाचली:
चाललंय. कुणी हात लावू नये.