भिंतीचे कान

समोरच्या माडीवर योरिस चितारी
एस्तेर राणी रंगवत होता.
जरीची शाल हवी होती त्याला,
म्हणून आला आमच्या दारी, टोपी हातात धरून.
"तुमच्याच पोथीतली ना ही बाई?
मग कापडही तुमच्याच पेटीतलं असू दे."

व्हिओलांत आजीनं शाल दिली
आणि शालीमागोमाग आपणही निघाली.
काठी टेकत, सत्तावीस पायऱ्या,
मी मागून तिचा दम मोजत.

राणी म्हणून बसली होती नेल्त्ये,
हेरिंग साफ करणारीची पोर.
पुठ्ठ्याचा मुकुट, नखांत खवले,
आणि चेहरा असा निवांत
की राजानं जणू कालच निरोप धाडलाय : ये.

आजी बराच वेळ बघत राहिली.
मग पोर्तुगीजमध्ये बोलली, मी डचमध्ये सांगितलं :
"हात चुकलाय.
तीन दिवस पोटात काही नसलं
की हात असा मांडीवर पडून राहत नाही.
त्याला दुसऱ्या हातानं धरून ठेवावं लागतं."

योरिस हसला. त्याला कुठून ठाऊक,
ब्रागान्साला ही बाई दर वर्षी थंडी सरताना
तीन दिवस उपाशी राहायची
आणि शेजारणींना सांगायची, दाढ ठणकतेय.
धुराड्यातून धूर दिसावा म्हणून
नुसतं पाणी उकळायची,
कोरडी भांडी घासायची खळखळून.
त्या कथेत देवाचं नाव एकदाही नाही.
तिला ते बरंच वाटायचं :
जे तोंडातून निघतच नाही
ते पकडणार कसं कुणी?

त्या रात्री पुरीम.
हाउटग्राख्तवर बर्फ तडकत होता.
हामानचं नाव आलं की खाली पोरं बाकं बडवायची,
दाढीवाले सावकारसुद्धा बूट आपटायचे.
वर जाळीमागे आम्ही बायकाही काही कमी नव्हतो.
आजी तेवढी ओठ मिटून.
घरी आल्यावर आधी तिनं खिडक्या लावल्या,
कडी ओढून पाहिली. दोनदा.

आईनं हामानचे कान वाढले,
तेलात तळलेले, वर साखर.
आजीनं एक उचलला, मेणबत्तीपुढे धरला.
"तिकडे हे भिंतींना होते," म्हणाली,
आणि असा कडकन चावला
की झोळीतलं बाळ दचकून रडायला लागलं.

चित्र पुढे हार्लेमच्या कुणा बिअरवाल्यानं नेलं.
म्हणतात, राणीचा एक हात
दुसऱ्याला घट्ट धरून आहे त्यात.
मी पाहिलेलं नाही.

शाल परत आली.
मासळीचा वास काही केल्या गेला नाही.