पोच

बुरोंडीच्या मच्छीमार सोसायटीत
चोवीस वर्षं मी एकच फळा लिहीत आलोय.
भरती. ओहोटी. डिझेलचा दर.
बावटा लागला असेल तर त्याचा आकडा, लाल खडूने.
आणि अगदी तळाशी,
चौकट जिथे वाळवीने खाल्लीय तिथे,
एक शब्द: मिळाले.
त्याच्यापुढे त्या दिवशी जे असेल ते.

ही खोड मला पोचपावत्यांनी लावली.
बर्फ आला, सही. जाळं आलं, सही.
मग वाटलं, बाकीचं जे येतं
त्याची पोच कोण देतं?
आभार हा शब्द मला जड होतो,
सत्काराच्या शालीसारखा; उकडतं त्यात.
पोच बरी.
आलेलं आलं म्हणायचं, खाली नाव घालायचं.

मिळाले: चोगल्यांच्या विहिरीला वैशाखातही गोडं पाणी.
मिळाले: दुर्पीच्या नातीला दहावीचं सर्टिफिकेट, दुसऱ्या खेपेला.
मिळाले: खडपात इतकी कालवं
की कोयतीची धार गेली.
लोक हसायचे. वाचायचे मात्र खालून वर.

हल्ली फोन आहे.
पहाटे लिलाव सुरू व्हायच्या आत
खिशातल्या खिशात तीन शहरं कोसळलेली असतात.
सायराबी होडेकरचा थोरला आखातात, टँकरवर.
ती कोळंबी सोलता सोलता नातवाला विचारते,
आज कुठं पेटलं?
तो सांगतो.
ती पुढच्या कोळंबीचं डोकं मोडते.

या भाद्रपदात हेमकृपा परतली नाही.
चार माणसं.
विमान दोनदा घिरट्या घालून गेलं.
मी फळ्यावर लिहिलं: संपर्क नाही.
तळाची ओळ कोरी ठेवली,
दुसऱ्या दिवशीही.
दमट हवेत खडू बोटांत मऊ पडत होता.

सायराबीनं डोक्यावरची पाटी उतरवली.
"खाली का नाय लिवलंस?"
म्हटलं, काय लिहू, तूच सांग.
ती चिडली.
"तांडेलाच्या घरात काल चूल नाय पेटली
आन् सात घरांतनं पेज गेली.
माझी तर ओट्यावर सांडली,
टोप ठेवायला जागा नव्हती.
हे मिळालं नाय, तर काय झालं?"

लिहिलं. मिळाले: सात पेजा.
पेजेचं अनेकवचन होतं का, ठाऊक नाही. केलं.

तिसऱ्या सांजेला जयगडच्या ट्रॉलरने तिघांना आणलं.
चौथा, जानू, नाही.
दोन्ही एकाच खडूने लिहायचं होतं.
तीन नावांमागे तो शब्द घालताना
हात आखडला;
जानूची बायको मागेच उभी होती.
तिनं सगळं वाचलं, सावकाश,
मग म्हणाली,
"अक्षर मोठं काढा भाऊ,
मामंजींना लांबून दिसत नाही."

काढलं.

खाऱ्या वाऱ्याने फळा रात्रीत पुसट होतो.
आखातातून अजून फोन नाही.
सायराबी रोज विचारते, रोज कोळंबी सोलते.
उद्याची भरती
दोन वाजून सत्तावीस मिनिटांनी:
एवढी एकच बातमी मला आदल्या दिवशी कळते.
ती आधी लिहून टाकतो.
खाली जागा सोडतो,
चार बोटं.