अंगठा

रिवणच्या दवाखान्यात आठ खाटा,
चालू सहा.
दोन जनरेटरच्या खोलीत गंजतात.
मी हिशेब लिहिते.

कार्ड आता सगळ्यांना मिळालंय,
शेवंती वेळीपलाही.
पण काजूच्या चिकानं तिचा अंगठा
इतका सोलवटलाय
की यंत्र म्हणतं, ही कोणी नाही.
पदराला पुसून लावते.
परत नाही.

चवथीपासूनचे दावे पणजीत अडकलेत.
ऑक्सिजनवाला रोख मागतो.
डॉक्टर लवंदेंनी परवा स्कूटर विकली,
म्हणाले, चालणं बरं असतं.

शेवंतीनं ओटीतून
सोलांची पुडी काढून टेबलावर ठेवली.
जमेच्या बाजूला मी लिहिलं:
सोलं, अंदाजे पाव किलो.
आणि सहीच्या जागी शाईचा अंगठा,
नुसता काळा, गोल.
एकही रेघ उमटली नाही.

खाली साक्षीला मी.