चार ओळींची जागा

कुडाळचा प्रेसवाला म्हणाला,
बाटली गोल, लेबल आखूड.
नाव, वजन, तारीख, लायसन नंबर सोडून
तुमच्या मजकुराला उरतात चार ओळी.
घराण्याबद्दल काहीतरी लिहा, हल्ली चालतं.

रात्री वही घेऊन बसले.

पहिल्या ओळीत आजोला बसवायला गेले,
तो मावेना.
डोक्याला पंचा, हातात पेटतं सोडण,
धूर मनगटावर खेळवत तो पोळ्याशी बोलायचा,
"सरा गे बायांनो, वायच सरा."
वरचा मधाचा कांदा तेवढा कापायचा,
खाली अळ्यांना धक्का नाही.
"आपण पावणे. पावण्यान
घरच्यांचो वाटो ठेवन् उठाचा."
एवढ्यातच ओळ संपून
वहीचं पान उलटलं होतं.

मग ब्याण्णव साल.
अळ्या पिशवीसारख्या फुगल्या आणि मेल्या,
एका मे महिन्यात बावीस पेट्या गप्प झाल्या.
आईनं त्यांत आमसुलं भरली.
एकीत कोंबडी रवणीला बसली,
तिची अकरा पिल्लं मला अजून आठवतात.
बाबा म्हापशाला एका बारमध्ये
हिशेब लिहायला गेले.
हे मधाच्या बाटलीवर
कोण छापतं?

आणि सातेरी.
गावच्या देवीचं नाव सातेरी, माशीचंही सातेरी,
आम्हाला कधी नवल वाटलं नाही.
गाभाऱ्यात मूर्ती नाही, वारूळ आहे.
देवळामागे दुसरं वारूळ, पडीक,
बाबा सुट्टीला आलेले, पायातली चप्पल शोधत होते
आणि त्यांना आतून गुणगुण ऐकू आली.

त्यांनी लगेच हात घातला नाही.
कौल लावला.
पाकळी डावी पडली.
म्हापशाची नोकरी सोडून
मेण चोळलेली एक रिकामी पेटी
ते वर्षभर पुसत राहिले,
लोक हसले, आई हसली नाही, बोललीही नाही.
पुढच्या शिमग्यानंतर पुन्हा कौल.
उजवी.
आजच्या आमच्या एकोणतीस पेट्या
त्या एका पाकळीच्या लेकी-नाती.

चौथ्या ओळीत मला भांडण हवं होतं.
पलीकडच्या कलमांच्या बागेत फवारणी,
सकाळी दारात माश्यांचा सडा,
मोतीराम खानोलकरशी तीन वर्षं बोलणं बंद.
आता तो फवारायच्या आदल्या रात्री
कुंपणावरून हाक मारतो,
आम्ही कंदील घेऊन पेट्यांची दारं लावतो.
हाकेचा दर ठरलेला आहे,
हंगामाला एक बाटली, सुरंगीची,
जांभळाची त्याला तुरट लागते.

एका हॉटेलवाल्याला दोनशे बाटल्या
एकाच रंगाच्या हव्या होत्या.
बाबा म्हणाले, झाडांना विचारून कळवतो.
अजून कळवलेलं नाही.

पहाटे चार ओळी पाठवल्या :

सुरंगी, जांभूळ, काजू, जे फुललं ते.
पेटीचा नंबर हातानं लिहिला आहे.
थिजला तर कोमट पाण्यात ठेवा.
यंदा थोडाच आहे.

प्रेसवाल्यानं जागा भरायला
आपल्या कॉम्प्युटरमधली माशी टाकली,
पिवळीधमक, गुबगुबीत, दात काढून हसणारी,
डोक्यावर टोपी.

तीनशे लेबलं छापून आली.
बाबांनी एक उचललं, लांब धरलं, जवळ धरलं.
"ही कोण?"

जेवण झाल्यावर पडवीत बल्बखाली बसून
ते काळ्या बॉलपेननं एकेक माशी बारीक करतायत,
आधी टोपी, मग हसू,
मग पोटावरचे पट्टे हवे तेवढे काळे.
एकशे चाळीसाव्या माशीला पेन संपलं.

मी दुकान उघडं आहे का बघायला निघाले आहे.