कातडीचा हिशेब

बेर्गनच्या इस्पितळात, जळितांच्या वॉर्डात
माझी एकोणीस वर्षं गेली.
आग मला ऐकीव नाही.
ती कुठे चाटते, कुठे चावते,
कुठे खाऊन झाल्यावर तोंड पुसून निघून जाते,
हे मी बोटांनी वाचलंय.

आता सात नंबरच्या खाटेवर माझा बाप.
होडीला डांबर लावताना शेगडी कलंडली.
दोन्ही हात, कोपरापर्यंत.
हेच ते हात,
फ्योर्डकाठच्या प्रार्थनाघरात दर रविवारी वर जायचे,
आणि आम्ही पोरं बाकावर पाय आखडून बसायचो,
खालची फरशी तापली असेल म्हणून.

आमच्याकडे नरक लांब नव्हता.
बटाट्यांच्या तळघराखाली, जरासा डावीकडे.
बटाटे आणायला मी पायऱ्या मोजत उतरायची
आणि दोन-दोन गाळत वर यायची.

आइलिव हसायचा.
म्हणायचा, इतकं सरपण तिथे फोडतं कोण?
सतराव्या वर्षी त्याने भर सभेत सांगितलं, मला नाही पटत.
एकविसाव्या वर्षी हेरिंगच्या बोटीवरून पडला.
जानेवारी होता.
पाण्यात गेलेल्या पोराला
बाप तीस वर्षं आगीत बघतोय.

मी वाद घालत नाही. मी पट्ट्या बदलते.
पण पट्टी उलगडताना डोकं रिकामं असतं
आणि त्यात नको ते हिशेब येऊन बसतात.

कातडी एकदाच जळते, बाबा.
खोल गेलं की मज्जातंतू मरतात,
दुखणारंच कुणी उरत नाही.
अनंतकाळ दुखवायचं, तर
रोज नवी कातडी लावावी लागणार,
आम्ही मांडीवरून काढून लावतो तशी,
जपून, टाक्याटाक्याने,
आणि जीव धरला की
पुन्हा काडी.
एवढं कसब असलेल्या माणसाला
मी रात्रपाळीलासुद्धा ठेवणार नाही.

गेल्या महिन्यात एक जण आला,
शेजाऱ्याचा गोठा पेटवायला गेला न् स्वतःच भाजला.
तू काय मानतोस, असं कुणी विचारलं नाही.
वजन विचारलं.
डोस वजनावर ठरतो.
मॉर्फीनवर श्रद्धा ठेवावी लागत नाही,
शिव्या देणाऱ्यालाही ते चढतं.

आणि वर पोचलेले खाली बघून आनंदतील, म्हणायचास तू.
आमच्याकडे नातेवाईक काचेपलीकडून बघतात.
निम्म्यांना भोवळ येते.
उरलेले विचारतात,
त्याच्याऐवजी माझी कातडी चालेल का?

यातलं एक अक्षर त्याच्याशी बोलले नाही.
रात्री तीनला त्यानेच विचारलं,
गुनव्होर, डाव्या हाताला काहीच का कळत नाही?
तिथे खोल गेलंय.
खोल गेलं की दुखत नाही?
नाही.
बराच वेळ सलाईनचे थेंब.
मग, छताकडे बघत,
आणि गार पाण्यात?
मी नळी सरळ केली. सरळच होती ती.
बधिर होतं आधी. मग झोप येते.
जानेवारीत?
जानेवारीत लवकर.

सकाळी ओटची पेज आली.
हात जुळत नव्हते, पट्ट्यांचे दोन गोळे नुसते,
तरी त्याने प्रार्थना म्हटली.
अन्नासाठी, छपरासाठी, समुद्रावर असलेल्यांसाठी,
आणि त्यापुढची, जी मला झोपेतही पाठ आहे,
न मानता गेलेल्यांवर तुझा न्याय चालो,
ती ओळ आली नाही.
तिथे तो अडखळला,
आणि पायरी गाळून
पुढच्या ओळीवर पाय ठेवला.

श्रद्धा गेली, असं मी म्हणणार नाही.
तो अजून आमेन म्हणतो, माझ्यापेक्षा मोठ्याने.
मी मान वर केली नाही.
चमचा भरला, वाफ येत होती,
त्याच्या तोंडाशी नेण्याआधी
फुंकर घातली.