सात जागी गळतं

एकतीस देवळं, अठरा बेटं, एक मी
आणि नोल्बेर्तोची बोट, जिचं इंजिन माझ्यासारखंच:
आधी खोकतं, मग निघतं.

चिलोएच्या पाण्यावर पाऊस सांगून येत नाही,
सांगून जातही नाही.
झग्यावर रबरी कोट, मांडीवर डायरी, डायरीवर प्लास्टिक.
सोमवारी तीन बाप्तिस्मे आणि एक भांडण
(कुंपण कुणाचं, मेंढी कुणाची).
मंगळवारी पत्र्यांच्या कर्जासाठी कास्त्रोच्या बँकेत.
बुधवारी सॅल्मन कंपनीच्या साहेबाकडे,
बुडालेल्या पाणबुड्याच्या बायकोसाठी.
गुरुवारी बिशपांना अहवाल:
किती मिस्सा, किती पापनिवेदनं, किती डिझेल.

सगळी कामं तुझीच, प्रभू.
तूच दिलीस, असं मी सांगत फिरतो.
तुझी प्रार्थना मात्र बोटीत उरकतो.
इंजिन इतकं वाजतं
की ओठ हलले, एवढंच माझं मला कळतं.
पूर्वी एखादा शब्द टोचायचा आत.
आता सगळे गुळगुळीत,
किनाऱ्यावरचे गोटे जसे.

त्या बेटावर मी पाच महिन्यांनी उतरलो.
किल्ली दोन्या एर्मिंदाकडे.
वय ब्याऐंशी, एक डोळा दुधाळ,
गळ्यात लोकरीच्या दोऱ्यात ती लोखंडी किल्ली,
एकही खिळा नसलेल्या देवळाची.
रोज संध्याकाळी उघडते, म्हणाली.
"कोणासाठी?" मी विचारलं.
(मी. फादर. हे मी विचारलं.)
बटाटे उकरताना फावड्याला दगड लागावा
तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पिशवी सोडली. अंदाजपत्रक, सह्यांचे कागद.
मंडळी कुठे आहेत? बैठक ठरली होती ना?
"ओहोटी आहे. माणसं शिंपल्या वेचायला गेलीत.
पाणी चढायला दोन तास. तोवर बसा."
बसून काय करू?
"तेच," म्हणाली, आणि बाकावर सरकली.

बसलो.
लाकडाला ओल्या मेंढीचा वास.
ती तुला सांगत होती, मोठ्यानं,
बहिऱ्या दिराला सांगावं तसं:
धाकटीचं पत्र नाही.
बटाट्यावर करपा पडलाय, तुला ठाऊक होतं का?
ठाऊक होतं तर बोलला का नाहीस?
मग गप्प झाली.
चुलीवर काही ठेवून, झाकण घालून
बाई बसते ना, तशी गप्प.

माझ्याकडे काय होतं?
तुझ्याबद्दलची एवढी कामं,
आणि तुझ्याशी एकही नाही.
डोळे मिटले की डायरी दिसायची.
उघडले की छत.
आणि मी सवयीनं मोजायला लागलो.
टप. दाराशी एक.
टप. घंटेच्या दोरीवरून एक.
टप.

"सात जागी गळतं, प्रभू."

आवाज लाकडावर आपटून परत आला
तेव्हा कळलं, हे मोठ्यानं निघालं.
कित्येक महिन्यांत तुला सांगितलेली पहिली गोष्ट
जी कुठल्या पुस्तकात छापलेली नव्हती.

डोळे न उघडता दोन्या एर्मिंदा म्हणाली,
"आठ. संत मिखाएलच्या पंखामागे एक आहे."

हसू आलं, ते थेट वेदीपर्यंत गेलं.
मागोमाग दुसरंही काही आलं.
त्यासाठी तिनं मला आपला रुमाल दिला,
कांद्याचा वास येणारा,
आणि पुन्हा तुझ्याकडे वळली.
तुमचं बोलणं अर्धवट राहिलं होतं.

नोल्बेर्तोनं भोंगा वाजवला. पाणी चढलं होतं.
सह्या राहिल्या त्या राहिल्याच.
पत्रे अजून आलेले नाहीत,
साहेब अजून बैठकीत आहेत,
अहवाल गुरुवारऐवजी शनिवारी गेला.

पण आता दोन बेटांच्या मधे कुठेतरी
मी नोल्बेर्तोला इंजिन बंद करायला सांगतो.
पाच मिनिटं.
तो वैतागतो, सिगारेट पेटवतो, दुसरीकडे बघतो.
प्रवाह आम्हाला थोडं मागे नेतो.

नेऊ दे.