हातचा

बक्स्टनला मार्चमध्येही बर्फाचा भुगा उडतो.
लॅथकिल हॉटेलच्या मागच्या दाराने मी आत येते,
हेल्मेट, फीत, वही.
माझं काम मोजायचं.
कारागीर घडवतात, मी बेरीज करते
आणि महिनाअखेर मालकांना कळवते
सौंदर्याचे किती झाले.

नाचघराकडे जाणारा लांब पॅसेज दोन हिवाळे गळत होता.
भिंत आणि छत भेटतात तिथली नक्षी,
एक्केचाळीस मीटर साठ, पार भुसभुशीत.
बोट लावलं की पिठासारखी गळायची.
एका ठेकेदाराने फोमची आणून देतो म्हटलं होतं:
चिकटवा, रंगवा, शनिवारपर्यंत मोकळे.
खालून कुणाला कळणार?
मी दोन्ही दर शेजारी शेजारी मांडले.
खरं सांगायचं तर
माझं मत फोमला होतं.

क्लिफर्ड बॅगशॉचा चुना तीन महिने पिंपात मुरलेला,
कवडीच्या दह्यासारखा कापता यावा असा.
त्यात बकरीचे केस, पिंजून.
जुन्या नक्षीची वळणं त्याने जस्ताच्या पत्र्यावर
कानशीने उतरवून घेतली,
पत्रा लाकडात बसवला. त्याला हे लोक घोडा म्हणतात.
घोडा पट्टीवरून एका दमात ओढायचा.
मध्ये थांबायचं नाही. बोलायचं तर नाहीच.
पहिल्या फेरीत नुसता चिखल.
पाचव्या फेरीत एक धार दिसल्यासारखी वाटते.
बाराव्या फेरीला ब्रायनी, त्याची शिकाऊ पोरगी,
कोंडलेला श्वास सोडते
आणि भिंतीला ओठ फुटतो.

मी खाली उभी राहून तास लिहिते.

पॅसेजच्या शेवटी हिरव्या बनातीचं दार असायचं.
दुरुस्तीला म्हणून चौकटीसकट काढून नेलेलं,
भिंतीवर त्याची नुसती खूण.
खुणेच्या अलीकडे पाहुणे,
पलीकडे खरकटी ताटं, बादल्या, घामेजलेल्या कॉलरी.
जुन्या कारागिराने नक्षी नेमकी खुणेशी तोडली होती,
करवतीने, काटकोनात.
जिथे पाहुण्याची नजर संपते तिथे चुनाही संपला.
चोख हिशोब.
माझ्यासारखंच कुणीतरी तेव्हाही फीत घेऊन उभं असणार.

एप्रिलच्या शेवटी मी शेवटचं माप घेतलं.
एक्केचाळीस त्र्याऐंशी.
पुन्हा घेतलं. एक्केचाळीस त्र्याऐंशी.
शिडीवर चढले.
खुणेच्या पलीकडे, नोकरांच्या बाजूला,
जिथे वर पाहायला कुणाचेच हात रिकामे नसतात,
एक वीत नक्षी.
तेच वळण, तीच खोल सावली,
आणि टोक तोडलेलं नाही,
आत वळवून मिटलेलं,
हाताची मूठ मिटावी तसं.

हे बिलात नाही, मी म्हटलं.
बॅगशॉ बादलीत थापी धूत होता.
मान वर न करता म्हणाला,
घोड्याला थांबायला जागा लागते, बाई.
ब्रायनी खिडकीकडे बघून हसू दाबत राहिली.
सुताराने दार परत बसवताना
एक अक्षर न बोलता
फळी नक्षीच्या वळणाने कापून घेतली.
म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.
सगळ्यांनाच होतं.

कराडच्या शाळेत बोकीलबाई फळ्यावर बेरीज मांडायच्या.
खाली मोठे आकडे, ठसठशीत,
आणि वर, अगदी डोक्यावर, बारीकसा एक.
हा हातचा, त्या म्हणायच्या.
उत्तरात तुम्हाला हा दिसणार नाही,
विसरलात तर मात्र सगळंच चुकलं.
मी कधी विसरले नाही.
गणितात पैकीच्या पैकी.
पण हाताचा म्हणून हातचा,
हे डोक्यात आलं ते इतक्या उशिरा,
शिडीवर, नाकात चुना.

वहीत मी एक्केचाळीस साठच लिहिलं.
वीस वर्षांत पहिल्यांदा मोजलेलं एक आणि मांडलेलं एक.
साठच्या वर, समासाला लागून,
पेन्सिलीने बारीक एक काढला.

सोमवारी मँचेस्टरच्या ऑफिसातून फोन.
आकडे जुळतात, म्हणाले,
पण वर हा एक कसला?

राहू द्या, म्हटलं.
खोडू नका.